लॉगिन पासवर्ड विसरलात? संगणक उघडण्याच्या मार्गांची तुलना

पासवर्ड विसरला की बहुतेक जण आधी ‘पासवर्ड तोडणारे’ सॉफ्टवेअर शोधायला लागतात, आणि नेमकी ती घाई महागात पडते. मार्ग निवडण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: खाते कोणत्या प्रकारचे आहे (मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन खाते, की फक्त त्या संगणकापुरते स्थानिक खाते) आणि डिस्क एनक्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, आहे का. एवढे कळले की निम्मे पर्याय आपोआप बाद होतात. उरलेल्यांतून निवडताना लॉगिन किती झटपट होईल यापेक्षा आत गेल्यावर काय शिल्लक राहील ते बघावे.

इथे भर विंडोज १० आणि ११ वर आहे. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटाकडे थोडे. संगणक ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल तर यातले काहीही करू नका. त्यांच्या आयटी विभागाला कळवा. पासवर्ड बदलण्याचे अधिकार त्यांच्याकडे असतात आणि एनक्रिप्ट केलेली डिस्क उघडणारी रिकव्हरी कीसुद्धा बहुधा त्यांच्याकडेच असते.

पासवर्ड खरोखरच चुकतोय ना?

लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली कीबोर्डची भाषा दिसते. मराठी कीबोर्ड बसवलेला असेल आणि तिथे तोच निवडला गेला असेल, तर बरोबर पासवर्डही चूकच ठरणार. रकान्यातले डोळ्याचे चिन्ह दाबून धरा म्हणजे नक्की काय उमटतेय ते दिसेल. एखादी कळ बिघडल्याचा संशय असेल तर त्याच कोपऱ्यातल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा आणि माउसने टाइप करून बघा. कॅप्स लॉक सगळे तपासतात. नम लॉक मात्र विसरतात.

विसरलात तो पिन की पासवर्ड, हेही पाहा. दोन्ही वेगळे आहेत. पिन फक्त त्या एका यंत्रापुरता असतो. ‘साइन-इन ऑप्शन्स’वर दाबून किल्लीचे चिन्ह निवडले की पिनऐवजी पासवर्ड देता येतो. किल्ली दिसतच नसेल, तर मायक्रोसॉफ्ट खात्यांना फक्त विंडोज हॅलोने (पिन, चेहरा किंवा बोटाचा ठसा) आत सोडण्याची सेटिंग चालू असावी. अशा वेळी ‘आय फरगॉट माय पिन’ हाच रस्ता.

अंदाधुंद प्रयत्न करत बसू नका. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या यंत्रांवर १० वेळा चुकीचा पासवर्ड दिला की स्थानिक खाते १० मिनिटे बंद होते.

खाते कुठले, डिस्क कशी

नावाखाली ईमेल दिसत असेल तर ते मायक्रोसॉफ्ट खाते. ईमेल नसेल तर एकदा चुकीचा पासवर्ड देऊन पाहा. रकान्याखाली ‘रीसेट पासवर्ड’ उमटले तर खाते स्थानिक आहे.

डिस्कची परीक्षा अशी: लॉगिनच्या पडद्यावर पॉवरच्या चिन्हातून शिफ्ट दाबून ठेवून ‘रीस्टार्ट’ करा. निळा पडदा येईल. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘कमांड प्रॉम्प्ट’. यंत्राने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-एनक्रिप्शन) चालू आहे. ‘मी तर कधी बिटलॉकर लावलाच नाही’ असे म्हणून सोडून देऊ नका. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा लॉगिन केले की डिव्हाइस एनक्रिप्शन (बिटलॉकरचेच साधे रूप) आपसूक सुरू होते, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्याची व्याप्ती आणखी वाढली आहे.

हीच की त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. पडद्यावर दिसणाऱ्या की-आयडीची पहिली ८ अक्षरे खात्यातल्या नोंदीशी जुळवून बघायची. तोवर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सेटिंगना हात लावू नका. नाहीतर साध्या लॉगिनच्या अडचणीत रिकव्हरी कीची अडचण स्वतःहून ओढवून घ्याल.

समोरासमोर

| मार्ग | कुठे चालतो | फाइली | साठवलेले पासवर्ड, सर्टिफिकेट | बिटलॉकर असेल तर |
|---|---|---|---|---|
| मायक्रोसॉफ्ट खाते ऑनलाइन रीसेट | मायक्रोसॉफ्ट खाते | शाबूत | सहसा शाबूत | अडत नाही |
| रीसेट डिस्क (खास पेन ड्राइव्ह, शेवटी पाहा) | स्थानिक खाते, डिस्क आधी केलेली हवी | शाबूत | शाबूत | अडत नाही |
| दुसरे अ‍ॅडमिन खाते | स्थानिक खाते | शाबूत, ईएफएस (विंडोजचे फाइल-एनक्रिप्शन) सोडून | हातचे जातात | अडत नाही |
| बाहेरून पासवर्ड पुसणे | स्थानिक खाते | शाबूत, ईएफएस सोडून | हातचे जातात | की हवीच |
| लिनक्सवरून फक्त फाइली काढणे | कुठलेही | कॉपी मिळते | मिळत नाहीत | की हवीच |
| विंडोज नव्याने बसवणे | कुठलेही | जातात | जातात | की लागत नाही |

मायक्रोसॉफ्ट खाते: फोनवरून बदला, पण नेटशिवाय उपयोग नाही

मायक्रोसॉफ्ट खाते असेल तर तक्त्यातल्या बाकीच्या ओळींकडे बघायचेही कारण नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या साइन-इन पानावर ‘फरगॉट पासवर्ड’ निवडा, पर्यायी ईमेलवर किंवा मोबाइलवर आलेला कोड द्या, नवा पासवर्ड ठरवा. काम पाच-दहा मिनिटांचे.

घोळ होतो तो पुढच्या पायरीला. नवा पासवर्ड सर्व्हरवर बदललेला असतो, पण संगणकाला अजून जुनाच माहीत असतो. यंत्र नेटला जोडलेले नसेल तर ‘या डिव्हाइसवर शेवटचा वापरलेला पासवर्ड द्या’ अशा अर्थाची सूचना येते, आणि रीसेट झालेच नाही असा समज होतो. म्हणून आधी लॉगिनच्या पडद्यावरच्या नेटवर्कच्या चिन्हातून वाय-फाय जोडा. वाय-फायला ब्राउझरमधून वेगळे लॉगिन लागत असेल (हॉस्टेल, हॉटेल) तर ते इथे चालणार नाही. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करा.

पर्यायी ईमेल आणि मोबाइल दोन्ही हाताशी नसतील तर मायक्रोसॉफ्टचा रिकव्हरी फॉर्म भरावा लागतो. तो दिवसातून दोनदाच भरता येतो, आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल तर तो मार्गच बंद असतो. खात्यावरची सगळी सुरक्षा-माहिती एकदम बदलायची ठरवली तर ३० दिवस थांबावे लागते. हे ३० दिवस कोणी ‘लवकर करून देतो’ म्हणाला तर त्याला खात्याची माहिती देऊ नका.

स्थानिक खाते: पुसलेला पासवर्ड आणि बदललेला पासवर्ड एक नव्हे

विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून स्थानिक खाते तयार करताना तीन सुरक्षा-प्रश्न विचारले जातात. ते भरलेले असतील तर ‘रीसेट पासवर्ड’ दाबा, तिन्ही उत्तरे द्या, नवा पासवर्ड ठेवा. उत्तर तेव्हा जसे टाइप केले होते तसेच द्यायचे, हीच काय ती गोम. गावाचे नाव तेव्हा देवनागरीत लिहिले होते की इंग्रजी अक्षरांत, ते आठवा.

प्रश्न नसतील पण त्याच यंत्रावर दुसरे अ‍ॅडमिन खाते असेल, तर त्यातून कंट्रोल पॅनेलच्या ‘युजर अकाउंट्स’मध्ये जाऊन तुमच्या खात्याला नवा पासवर्ड देता येतो. दोन मिनिटांचे काम, पण विंडोज आधी एक इशारा देते आणि तो कोणी वाचत नाही. खात्यात साठवलेले पासवर्ड, वैयक्तिक सर्टिफिकेट आणि ईएफएसने एनक्रिप्ट केलेल्या फाइली (एक्सप्लोररमध्ये नावावर कुलूप दिसते त्या) यांची किल्ली जुन्या पासवर्डपासूनच तयार झालेली असते. जुना पासवर्ड देऊन तुम्ही स्वतः तो बदलता तेव्हा विंडोज ती किल्ली नव्याने गुंडाळून ठेवते. बाहेरून कोणी पासवर्ड लादला तर जुनी गुंडाळी उघडायला काहीच उरत नाही. लॉगिन होते, फोटो आणि कागदपत्रे दिसतात, पण ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड उघडत नाहीत.

एक दिलासा आहे. पुढे कधी जुना पासवर्ड आठवला तर खात्याचा पासवर्ड पुन्हा तोच करून बघा. ती जुनी किल्ली परत चालू लागते. त्यामुळे असे रीसेट केल्यावर ‘आता काय उपयोग’ म्हणून जुने प्रोफाइल लगेच उडवू नका.

दुसरे अ‍ॅडमिन खातेही नसेल, तर उरते बाहेरून पासवर्ड पुसणे. त्यासाठी सीएचएनटीपीडब्ल्यू (chntpw) हे मोफत साधन सगळ्यांत जुने आणि माहितीतले. पासवर्डचे हॅश (पासवर्डपासून बनवलेली सांकेतिक रूपे) विंडोजच्या ‘सिस्टम३२’मधल्या ‘कॉन्फिग’ फोल्डरात ‘सॅम’ नावाच्या फाइलमध्ये असतात. हे साधन त्या फाइलमधला तुमच्या खात्याचा पासवर्ड रिकामा करते. ८ जीबी किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकून त्यावरून संगणक सुरू करायचा, तिथे हे साधन बसवायचे, विंडोजचे विभाजन (पार्टिशन) उघडायचे आणि सॅम फाइलवर ते चालवायचे. मेनूत ‘क्लिअर’चा पर्याय निवडा. ‘एडिट’ करून नवा पासवर्ड घालण्याच्या भानगडीत पडू नका, तो भरवशाचा नाही. बाहेर पडताना बदल साठवायचे का असे विचारले जाते, तिथे ‘वाय’ दाबले नाही तर केलेले सगळे वाया.

अनेकांचे गाडे इथे अडते: विभाजन ‘फक्त वाचण्यासाठी’ उघडते आणि काहीच लिहिले जात नाही. कारण फास्ट स्टार्टअप. ‘शट डाउन’ केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, स्वतःची स्थिती डिस्कवर ठेवून झोपते, आणि लिनक्स अशा डिस्कवर लिहायला नकार देते. उपाय साधा आहे: लॉगिनच्या पडद्यावरून ‘शट डाउन’ऐवजी ‘रीस्टार्ट’ करा आणि तसेच थेट पेन ड्राइव्हवर जा.

लॉगिनच्या पडद्यावरच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या फाइलजागी कमांड प्रॉम्प्ट बसवण्याची युक्ती व्हिडिओंमध्ये फार दिसते. ती सुचवणार नाही. विंडोज डिफेंडर आता तो बदल बऱ्याचदा पकडतो, आणि पकडला नाही तर धोका मोठा: मूळ फाइल परत ठेवायची राहिली की यंत्रासमोर बसणारा कोणीही पासवर्डशिवाय सर्वोच्च अधिकारात आज्ञा देऊ शकतो.

‘कुठलाही पासवर्ड काढून देऊ’ म्हणणारी पैशाची सॉफ्टवेअरे बहुतांशी हेच पुसण्याचे काम सोप्या बटणामागे करतात. बिटलॉकर असेल आणि की नसेल तर त्यांचाही इलाज चालत नाही.

फक्त फाइली हव्या असतील तर

खूपदा लॉगिन नकोच असते. हवे असतात ते फोटो आणि हिशेबाच्या शीट. मग पासवर्डशी झटापट कशाला? उबुंटूवरून यंत्र सुरू करा, ‘ट्राय’ निवडा (‘इन्स्टॉल’ नव्हे), ‘युजर्स’ फोल्डरातून हवे ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडली तरी कॉपी होते. एनक्रिप्ट केलेली डिस्कही ४८ अंकी की दिली तर उबुंटूत उघडते. विंडोज नव्याने बसवायचे ठरले असेल तरी आधी ही पायरी करा.

रीसेट धिस पीसी: नावावर जाऊ नका

विंडोजच्या ‘रीसेट धिस पीसी’ या पर्यायात ‘कीप माय फाइल्स’ निवडले की पासवर्ड निघून जाईल, अशी समजूत सर्रास आढळते. तसे होत नाही. त्यात बसवलेले प्रोग्राम जातात, पण फाइलींबरोबर खातेही राहते आणि त्याचा पासवर्डही. म्हणजे प्रोग्राम गमावून परत त्याच बंद दारासमोर. पासवर्डचा प्रश्न सुटतो तो फक्त ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ने किंवा मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घेऊन नव्याने बसवल्याने. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’मध्ये ‘क्लीन ड्राइव्ह’ चालू केलेत तर काम तासन्‌तास चालते. यंत्र विकायचे असेल तरच ते करा. विंडोजचे लायसन्स यंत्राच्या हार्डवेअरशी डिजिटल स्वरूपात जोडलेले असेल तर तीच आवृत्ती बसवल्यावर नेट मिळताच ते आपोआप चालू होते, २५ अक्षरी की शोधावी लागत नाही.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर काही वेळा पासवर्ड चुकला की अ‍ॅपल खात्याने रीसेट करण्याचा पर्याय समोर येतो. आधी तोच घ्या. तो आला नाही तर अ‍ॅपल सिलिकॉनच्या यंत्रावर पॉवरचे बटण धरून ठेवून आणि इंटेलच्या यंत्रावर कमांड-आर दाबून रिकव्हरीत जाता येते. फाइलव्हॉल्ट (मॅकचे डिस्क-एनक्रिप्शन) चालू असेल तर २४ अक्षरी रिकव्हरी की किंवा अ‍ॅपल खाते लागते. जुनी ‘लॉगिन’ कीचेन (साठवलेल्या पासवर्डची पेटी) मात्र जुन्या पासवर्डनेच बंद राहते आणि नवी रिकामी तयार होते.

उबुंटूसारख्या लिनक्सवर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, रिकव्हरी मोडमधून रूट शेल (सर्वाधिकाराने आज्ञा देण्याची जागा) घ्या, मूळ विभाजन लिहिण्यायोग्य करून ‘पासडब्ल्यूडी’ आज्ञेने खात्याचा पासवर्ड बदला. विभाजन लिहिण्यायोग्य करायचे राहिले तर ‘टोकन’बद्दलची एक गोंधळात टाकणारी चूक दिसते, पासवर्ड बदलत नाही. डिस्क लक्सने (लिनक्सच्या डिस्क-एनक्रिप्शनने) एनक्रिप्ट केलेली असेल आणि तिचाच पासफ्रेज विसरला असाल तर यापैकी काहीही लागू नाही.

आत गेल्यावर लगेच

स्थानिक खाते वापरत राहणार असाल तर कुठलाही साधा पेन ड्राइव्ह लावा, कंट्रोल पॅनेलमध्ये ‘क्रिएट अ पासवर्ड रीसेट डिस्क’ शोधा आणि सध्याचा पासवर्ड द्या. ड्राइव्हवर एक छोटी ‘युजरकी’ फाइल तयार होते. पुढे पासवर्ड कितीही वेळा बदला, तीच डिस्क चालते. नवी डिस्क केली तर मात्र जुनी निकामी होते. ती एकाच खात्याला लागू असते, आणि ज्याच्या हाती पडेल तो तिच्याने तुमचे खाते उघडू शकतो, तेव्हा लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.