स्क्रीन रीडरवर ऑनलाइन एम. ए.: दोन सत्रांनंतरचा अनुभव

परभणी जिल्ह्यातील सेलू येथे घरी राहून मी इतिहास विषयात ऑनलाइन एम. ए. करीत आहे. मी पूर्ण दृष्टिहीन असल्यामुळे लॅपटॉपवर एनव्हीडीए आणि मोबाइलवर टॉकबॅक या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, माझा सगळा अभ्यास चालतो. मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेले एनव्हीडीए विनामूल्य आहे. त्यातील ई-स्पीक या वाचक-आवाजाच्या प्रणालीचा मराठी आवाज कोरडा वाटतो, परंतु त्याची कानाला लवकर सवय होते.

खरी अडचण अभ्याससाहित्यात आहे. बहुतेक पुस्तिका स्कॅन केलेल्या पीडीएफ असल्याने स्क्रीन रीडरच्या लेखी त्यांत मजकूरच नसतो. ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर बनवणे) करून घेतले, तर जोडाक्षरे मोडतात, तळटीपा मजकुरात घुसतात आणि १ व ९ यांची गल्लत होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या प्रकरणात सनावळीच बेभरवशाची झाली, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने वाचायचे तरी काय? काही टिपणे कृतिदेव फाँटमध्ये आहेत. हा फाँट युनिकोड (देवनागरी अक्षरांना स्वतंत्र संकेत देणारी सर्वमान्य पद्धत) नसून त्यात इंग्रजी अक्षरांनाच देवनागरी रूप दिलेले असल्यामुळे डोळ्यांना ‘मराठी’ दिसणारा शब्द मला ‘ई जे के बी एच’ असा ऐकू येतो, आणि अशी सलग चाळीस पाने कोणी दिली तर ती न दिल्यासारखीच असतात.

याच अभ्यासक्रमातील एका प्राध्यापकांनी मात्र आपला घटक युनिकोडमध्ये टंकलिखित करून, वर्डमधील हेडिंग स्टाइल वापरून दिला. त्यात एच ही कळ दाबत मी एका उपशीर्षकावरून दुसऱ्यावर जातो, आणि कंट्रोल व ऑल्टसोबत बाणाच्या कळा वापरून तक्ता रकान्यागणिक वाचतो. शिवाय स्कॅनच्या तुलनेत ही फाइल अगदी हलकी असल्याने, रेंज जेमतेम असलेल्या गावांतील माझे डोळस सहाध्यायीही तीच मागून घेतात.

व्हिडिओ व्याख्यानांत ‘हा भाग इथे पाहा’ असे म्हणून नकाशावर बाण फिरवला जातो. तेथे जालना किंवा बीड असे नाव उच्चारले, तरी माझे काम भागते. बोलणे पडद्यावर लिहून दाखवणारी सबटायटल्स नसल्याने कर्णबधिर विद्यार्थ्यांना हीच व्याख्याने मुकी आहेत.

पोर्टलवर स्वाध्याय जमा करण्याच्या बटणाला नावच दिलेले नाही. टॅब दाबत गेल्यावर ओळीने ‘बटण, बटण, बटण’ ऐकू येते, आणि त्यांतील एक बटण उत्तरपत्रिका काढून टाकण्याचे आहे. चाचणीचे घड्याळ सर्वांना सारखेच धावते. वास्तविक केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग परीक्षार्थींना तासामागे किमान २० मिनिटे वाढीव वेळ सांगितलेला होता आणि मूडलसारख्या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीत एका विद्यार्थ्यापुरती वेळ वाढवण्याची सोयही असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम असावा असे सांगते. तरीही वाचता येईल अशा साहित्यासाठी अर्ज केल्यावर ‘तुमच्यासाठी लेखनिक देऊ’ असे उत्तर मिळाले. मला पुस्तक वाचायचे होते, लेखनिक नको होता.

असा अभ्यासक्रम निवडणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांनी शुल्क भरण्यापूर्वी एक नमुना घटक मागून घ्यावा आणि त्यातील एखादा परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून ऐकावा. मराठी शब्द ऐकू आले, तर पुढे चाचणीच्या वाढीव वेळेविषयी लेखी विचारावे. काहीच चिकटले नाही, तर दुसरा अभ्यासक्रम पाहावा.