रिस्टोअर केलेली शेवेल एसएस ४५४: रंगाचे नाही, नंबरांचे पैसे मोजा

शेव्हरोले कंपनीची १९७० ची शेवेल एसएस ४५४ अमेरिकेच्या बाजारात आज दिसते ती बहुतेक रिस्टोअर केलेलीच. चकचकीत रंग, बॉनेटवर दोन जाड पट्टे, काल कारखान्यातून निघाल्यासारखं इंजिन आणि पुढे पाटी: ‘एलएस६, ४५० हॉर्सपॉवर’. गाडी देखणी आहे, वादच नाही. पण किंमत फिरते ती त्या पाटीवरच्या ‘एलएस६’ या शब्दाभोवती, म्हणजे सर्वात ताकदवान इंजिनाच्या कोडाभोवती, आणि नेमका तोच शब्द सिद्ध करणं अवघड.

मधल्या आकाराच्या गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन न बसवण्याचा नियम शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९७० च्या मॉडेलसाठी उठवला आणि शेवेलला ४५४ घनइंचांचं इंजिन मिळालं. त्यातही दोन प्रकार: ३६० हॉर्सपॉवरचं एलएस५ आणि ४५० चं एलएस६. एलएस६ च्या एल कमिनो (शेवेलचाच पिकअप प्रकार) धरून ४,४७५ गाड्या बनल्या. रस्त्यावर त्याहून जास्त दिसतील, हा चमत्कार रिस्टोअर करणाऱ्यांचा.

कारण सोपं आहे. त्या वर्षीच्या शेवेलचा चासी नंबर गाडी एसएस आहे की नाही हे सांगतच नाही. १३६३७ ने सुरू होणारा नंबर म्हणजे व्ही८ मालिबू (शेवेलची वरच्या दर्जाची आवृत्ती), दोन दारांची. एसएस हे त्यावरचं पॅकेज. १३५ ने सुरुवात असेल तर मूळ गाडी सहा सिलिंडरची, तिथेच विषय संपला. जनरल मोटर्सचीच पाँटियाक जीटीओ घेणाऱ्याचं बरं असतं: १९६६ ते १९७१ च्या गाड्यांत नंबर २४२ ने सुरू झाला की गाडी जीटीओ. शेवेलवाल्याला मात्र कागद शोधावे लागतात. मूळ विक्री कॅनडात झाली असेल तर जनरल मोटर्सच्या कॅनडा शाखेकडून नोंदी मिळू शकतात. अमेरिकेत विकलेल्या गाडीला ती सोय नाही.

म्हणून इंजिनाकडे वळा. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट पट्टी असते, तिच्यावर पंच केलेले आकडे वाचा. ‘टी०५१२सीआरव्ही’ म्हणजे टोनावांडा कारखाना, १२ मे, चार गिअरवालं एलएस६. ऑटोमॅटिक असेल तर शेवट ‘सीआरआर’. तिथेच गाडीच्या नंबरचा शेवटचा भागही पंच केलेला असतो, तो चासी नंबरशी ताडून पाहा. मग ब्लॉकवरची ओतकामाची तारीख: महिन्याचं अक्षर, दिवस, वर्षाचा शेवटचा आकडा. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीतला बॉडी बनल्याचा आठवडा, असाच क्रम हवा. इंजिन गाडीनंतर जन्मलेलं निघालं तर मालकाच्या गोष्टी ऐकत बसू नका.

आकडे जुळले तरी टॉर्च तिरकी धरून ती पट्टी पुन्हा पाहा. कारखान्यातल्या कापाचे बारीक समांतर ओरखडे तिथे दिसायला हवेत. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असेल तर ब्लॉकचा माथा घासलेला आहे. ते प्रामाणिक दुरुस्तीतही होतं. पण घासल्यावरही आकडे ताजे आणि ठळक असतील, तर ते नंतर ठोकलेले.

मागच्या डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्ट मोजा, बारा हवेत. मागचा एक्सल धरून ठेवणारे खालचे कंट्रोल आर्म बंद पेटीसारखे आणि सोबत स्वे बार (वळणावर गाडी कलू न देणारी दांडी) हवा. यावरून गाडी खरी ठरत नाही, कारण हे सगळं विकत मिळतं. पण नसेल तर खोटी मात्र ठरते.

पत्र्याला पेंट गेज (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) लावा. साधारण १०० ते १५० मायक्रॉन म्हणजे मूळ जाडी, २०० ते ३०० म्हणजे पुन्हा रंगवलेलं, ५०० च्या वर गेलं की खाली पुट्टी. मागच्या चाकांच्या कमानी, क्वार्टर पॅनेलचा खालचा भाग, डिक्कीचा तळ आणि मागच्या काचेखालची पन्हळ इथे गंज आधी धरतो. छताला व्हिनाइल असेल तर त्याखाली पाणी साचतं, तेव्हा काचेच्या कडा नीट तपासा. डिक्कीतून हात घालून क्वार्टर पॅनेलची आतली बाजू चाचपा: पत्र्यावर पत्रा चढवून वेल्ड केल्याची कड लागली तर काम स्वस्तातलं. बॉडी कितीही सजवलेली असो, मागच्या एक्सलवरून चासी जिथे वर चढते तो भाग खिळ्याने टोचून पाहायला विसरू नका.

एलएस६ चं कॉम्प्रेशन ११.२५:१. आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर चढावाला ते ठणठणतं, म्हणून इंजिन बांधताना बरेच जण पिस्टन बदलून कॉम्प्रेशन उतरवतात. चालवायला ते उत्तम. मूळपणाला बट्टा लागतो, पण बाहेरून कळत नाही. पिस्टनचं बिल मागा. थंड इंजिनाची टिकटिक सॉलिड लिफ्टरची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भरीव भागांची) आहे, घाबरू नका. निळा धूर दिसला तर घाबरा.

दर पाहायला जुन्या गाड्यांचा विमा आणि किमती देणाऱ्या हॅगर्टी कंपनीची १ (सर्वोत्तम) ते ४ ही श्रेणी ठीक आहे. फक्त विक्रेत्याची ‘१’ बहुतेक वेळा ‘२’ असते, कधी ‘३’ सुद्धा. डुप्लिकेट एलएस६ कितीही नेटकी असली तरी खऱ्या गाडीच्या बऱ्याचदा निम्म्याच्याही खाली जाते. रिस्टोरेशनवर मालकाने किती ओतले याचा तुमच्या किमतीशी संबंध नाही. कामाचे फोटो मात्र हवेतच, विशेषतः रंग उतरवलेल्या उघड्या पत्र्याचे.

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे कारखान्याचा बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं याची यादी), जो बरेचदा पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर चिकटलेला सापडतो. एसएस ४५४ साठी त्यावर झेड१५ हा कोड आणि गाडीचा क्रमांक पाहा. टाकी आधीच बदललेली असेल तर कागद टाकीवर असतानाचा फोटो मागा; नुसता फ्रेममधला पिवळा कागद बनावटही असतो. टाकी मूळ असेल तर तपासणीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने ती उतरवून घेण्याची अट घाला, आणि तोवर बयाणा देऊ नका.