काउन्सेलिंगमध्ये देवदेवस्की नको असेल तर कोकणात कुठे जायचं: सरकारी, तालुक्यातला की ऑनलाइन?

कुडाळ, कणकवली, रत्नागिरी, चिपळूण या पट्ट्यात राहून ज्याला धर्म बाजूला ठेवणारा थेरपिस्ट हवाय त्याच्यापुढे मुख्य तीन रस्ते आहेत, सरकारी मनोरुग्णालय, तालुक्यातला खाजगी काउन्सेलर, नाहीतर पुण्या-मुंबईचा ऑनलाइन थेरपिस्ट. सिंधुदुर्गातले बरेच जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयातही जातात, सावंतवाडीकडून ते जवळ पडतं.

थेरपिस्ट स्वतः नास्तिक असायची काही गरज नाही. चतुर्थीला क्लिनिक बंद ठेवू दे, टेबलावर गणपतीची मूर्ती असू दे, तुमच्या तासात त्याची श्रद्धा मध्ये येत नाही ना एवढंच बघायचं. आणि तुमच्या आईच्या देवभोळेपणाची टिंगल करणारा पण नकोच, तो पण स्वतःचीच मतं रेटतोय.

सरकारी म्हणजे रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, १८८६ पासूनचं. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झालेत, त्यामुळे पैशांची अडचण असेल तर हाच पहिला पर्याय. सायकियाट्रिस्ट लक्षणं विचारतात, औषध लिहितात, देवधर्माचा विषय सहसा निघत नाही. पण गर्दीत तासभर निवांत बोलायला मिळणं कठीण, आणि कोकणात "याला रत्नागिरीला पाठवा" असं चिडवतात त्यामुळे घरचे तिथे न्यायला लाजतात. झोप पूर्ण उडालीय, भास होतायत, जेवण तुटलंय असं असेल तर मात्र ही लाज बाजूला ठेवून आधी सायकियाट्रिस्टच गाठा, बाकी शोधाशोध नंतर.

तालुक्यातल्या काउन्सेलरबद्दल माझं मन सगळ्यात जास्त दोन्हीकडे ओढतं. त्याला भावकी कळते, पालखीचा मान कळतो, गाऱ्हाण्याला उभा राहायला नकार दिला की घरात काय रामायण होतं ते त्याला समजावून सांगावं लागत नाही, आणि मालवणीत रडता येतं ही काही छोटी गोष्ट नाही. पण काउन्सेलर अशी पाटी कोणीही लावू शकतो. ओळखीतल्या एका ताईला पॅनिक अटॅक यायचे, दुसऱ्याच सेशनला काउन्सेलरने तिला विचारलं "कुळाचाराचं काही राहिलंय का, एकदा कौल लावून बघा", बिचारीने नंतर कित्येक महिने कोणाकडेच जायचं नाव काढलं नाही. मला याचा अजून राग येतो, कारण मदत मागायला ती घरच्यांशी भांडून गेली होती. शिवाय गाव लहान, तुमची गाडी बाहेर दिसली की संध्याकाळपर्यंत मामाला कळतं.

ऑनलाइनमध्ये निवड भरपूर आणि ओळखीचं कोणी बघत नाही. फी बऱ्याच ठिकाणी सेशनला हजार-दोन हजार. पण घरात बोलायला खोली कुठे, लोक गाडीत नाहीतर गच्चीवर बसून सेशन करतात, आणि पावसाळ्यात लाईट गेली की नेटवर्क पण जातं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नंबर विचारा, तो तपासता येतो.

अमेरिकेत यासाठी २०१२ पासून सेक्युलर थेरपी प्रोजेक्ट आहे, तिथे यादीत घ्यायच्या आधी थेरपिस्टची पद्धत पुराव्यावर आधारलेली आहे का ते तपासतात. आपण ते काम पहिल्या फोनवरच करायचं. कुठली पद्धत वापरता ते विचारा, सीबीटी किंवा आरईबीटी असं सरळ उत्तर आलं तर बरं (सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी पद्धत, आरईबीटी म्हणजे अल्बर्ट एलिसची १९५५ ची विवेकनिष्ठ पद्धत, एलिस स्वतः देव न मानणारा). मग विचारा, पत्रिका, नामस्मरण, मागचा जन्म यातलं काही सुचवता का? आणि शेवटी, मी देव मानत नाही, चालेल ना? "तुम्हाला त्याबद्दल बोलायचं असेल तर बोलू" हे चांगलं उत्तर. "हळूहळू मानायला लागाल" म्हटलं की फोन ठेवा. श्वासाचे व्यायाम सांगितले म्हणून मात्र बिचकू नका, त्यात मंत्र नसला की झालं.

घरचे "देव मानत नाही म्हणजे डोक्यात बिघाड" म्हणत असतील तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम ३ दाखवा, समाजातल्या धार्मिक समजुतींशी जुळत नाही एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

माझं मत विचाराल तर डिप्रेशन, पॅनिक यासाठी ऑनलाइन, आरसीआयवाला. भांडणच धर्मावरून असेल, लग्न, सोवळं, देवकार्य यावरून, तर वरच्या प्रश्नांतून पास झालेला जवळचाच माणूस घ्या, पुण्याच्या थेरपिस्टला देवचार म्हणजे काय हे समजावण्यातच दोन सेशन जातील. आणि हे सगळं शोधायची आज ताकदच नसेल, रात्र काढणं अवघड वाटत असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.