चरबीच्या गाठींवर होमिओपॅथी : टेप लावून घेतलेला अनुभव

चरबीच्या गाठींवर होमिओपॅथी सुरू करणार असाल, तर पहिली गोळी जिभेवर ठेवण्याआधी सोनोग्राफी करून घ्या आणि रिपोर्टमध्ये प्रत्येक गाठीची लांबी, रुंदी, जाडी लिहून मागा. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं करा. माझ्याकडे तसा रिपोर्ट होता, म्हणून इतक्या महिन्यांनी अंदाजावर न जाता बोलता येतंय.

लायपोमा म्हणजे त्वचेखाली होणारी चरबीची साधी, मऊ गाठ. माझ्या गाठी अशा : डाव्या कोपराखाली एक, कमरेवर एक मोठी, मांडीवर दोन बारीक आणि मानेमागे केस संपतात तिथे एक. आत्यालाही अशाच होत्या, म्हणजे घराण्यातच असणार. मध्ये बरंच वजन उतरवलं, गाठी तसूभर हलल्या नाहीत. लायपोमातली चरबी उपाशी राहून वितळत नाही, हे तेव्हा कळलं. सर्जन म्हणाले, "दुखत नाहीत, वाढत नाहीत, तर राहू द्या. नको असतील तर जागा बधिर करून एकेक काढता येईल." पाच ठिकाणी टाके आणि पाच व्रण मला नको होते. वहिनी म्हणाली, "ताई, गोळ्या घेऊन तर बघा, नुकसान काही नाही." खर्चही ऑपरेशनच्या मानाने किरकोळ. सुरू केलं.

पहिली भेट खरोखर चांगली झाली. इतका वेळ देऊन माझं कुणी ऐकलं नव्हतं. तहान किती लागते, घाम डोक्याला येतो की पायाला, थंडी सोसते का, भीती कशाची वाटते, झोप कशी लागते, सगळं विचारलं. डॉक्टर शांत होते, घाई नव्हती. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. औषधं नेहमीचीच : कल्केरिया कार्ब 200 ची मात्रा, रोज कल्केरिया फ्लोर 6एक्स, गाठींवर लावायला थुजाचं मदर टिंक्चर, म्हणजे त्या वनस्पतीचा अल्कोहोलमधला मूळ अर्क, आणि नंतर बॅरायटा कार्ब. शिवाय कॉफी बंद. थुजाच्या टिंक्चरमधल्या अल्कोहोलने कमरेवरची कातडी कोरडी पडून सोलायला लागली, तेव्हा ते मीच थांबवलं. गोळ्या मात्र न चुकता घेतल्या.

आता मोजमापाकडे येते, कारण माझा सगळा राग तिथे आहे. प्रत्येक भेटीत डॉक्टर गाठ दोन बोटांत धरून म्हणायचे, "बघा, मऊ झालीय. आता विरघळायला लागेल." लायपोमा पहिल्या दिवसापासून मऊच असतो. मऊ असणं, बोटाखालून निसटणं, यावरूनच तर सर्जननी निदान केलं होतं. जी गोष्ट आधीपासून आहे तीच सुधारणा म्हणून केसपेपरवर चढते आणि रुग्ण खुश होऊन पुढच्या बाटल्या घेऊन जातो. मी एकदा कापडी टेप घेऊन गेले आणि म्हटलं, "डॉक्टर, आज आकडा लिहून ठेवू या." ते म्हणाले, "आम्ही गाठ मोजत नाही, माणूस बघतो." मी म्हटलं, "मी गाठीसाठी आलेय." तेव्हापासून घरी स्वतःच मोजायला लागले. दर वेळी त्याच जागी, हात टेबलावर सरळ ठेवून, गाठीच्या दोन्ही कडांवर पेनाने खूण करून. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवायची, उजेड एकाच बाजूचा. त्वचेवरून मोजताना वरच्या चरबीचा थरही त्यात येतो, म्हणून हा आकडा खरा नव्हेच, पण बदल होत असता तर कळला असता.

तिसऱ्या महिन्याच्या आसपास मानेमागची गाठ गेली. पूर्ण गेली. आनंदाने घरात सगळ्यांना सांगितलं, आत्यालाही कळवलं. डॉक्टरांनी केसपेपरवर पाचापैकी एक बरी असं लिहिलं. हा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळी झाले असते, आणि तुमच्यापैकी कुणीतरी तो वाचून ऑपरेशन पुढे ढकललं असतं.

दुसरी सोनोग्राफी करायला गेले तेव्हा रेडिओलॉजिस्टनी जुना रिपोर्ट काढून दाखवला. त्यात मानेमागच्या गाठीपुढे लायपोमा लिहिलेलंच नव्हतं. ती लसिकाग्रंथी होती, संसर्गाने सुजलेली. तेव्हा डोक्याच्या त्वचेवर मला पुटकुळ्या झाल्या होत्या, त्या बऱ्या झाल्या आणि ग्रंथी बसली. अशा ग्रंथी संसर्ग ओसरला की काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. हा रिपोर्ट पहिल्याच भेटीत होमिओपॅथच्या टेबलावर ठेवला होता. तरी केसपेपरवर पाच लायपोमा झाले आणि त्यातला एक बरा झाला. "माझी गाठ होमिओपॅथीने गेली" असं कुणी सांगितलं, तर ती लायपोमाच होती हे कशावरून ठरलं, तेवढं विचारा. त्वचेतली सिस्ट फुटून रिकामी होते, ग्रंथी बसते. हाताला सगळ्या गाठीच लागतात.

बाकीच्यांचे आकडे देते. कोपराखालची आधी 1.8 × 1.2 × 0.7 सेंटिमीटर, नंतर 1.9 × 1.2 × 0.7. कमरेवरची आधी 4.6 × 3.9 × 1.5, नंतर 4.7 × 3.8 × 1.5. मांडीवरच्या दोन्ही जशाच्या तशा. गाठ दबते, त्यामुळे सोनोग्राफीचा प्रोब किती दाबला यावर एवढा फरक पडतोच. थोडक्यात, काहीही झालेलं नाही. हे आकडे दाखवले तेव्हा उत्तर आलं, "वाढ तरी थांबली ना?" कमरेवरची गाठ गोळ्यांच्या आधीही बरीच वर्षं तेवढीच होती. बहुतेक लायपोमा काही काळ हळूहळू वाढतात आणि मग वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्या राहण्याचं श्रेय मी कुठल्याच बाटलीला देणार नाही.

औषधाच्या बाटलीवरच्या आकड्याचाही हिशेब करून पाहिला. 200 म्हणजे एकास शंभर असं पातळ करणं, ते लागोपाठ 200 वेळा. शेवटी मूळ द्रव्याचं प्रमाण 1 वर 400 शून्यांत एक भाग. साधारण बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता नसते. कल्केरिया कार्ब म्हणजे कालवाच्या शिंपल्याचा मधला थर. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून आधी दुधाच्या साखरेत खलतात. त्या शिंपल्यातलं माझ्या गोळीत काहीच नव्हतं. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी आपला मूळ ग्रंथ 'ऑर्गेनॉन' 1810 मध्ये छापला, ते वारले 1843 मध्ये. रेणूंच्या आकाराचा आणि संख्येचा पहिला चांगला अंदाज योहान लोश्मिट यांनी 1865 मध्ये मांडला. हानेमान यांना हा हिशेब करता येणं शक्य नव्हतं, आज बाटली भरणाऱ्यांना येतो. 6एक्समध्ये (एकास दहा, सहा वेळा) मात्र दहा लाखांत एक भाग असतो, म्हणजे शंभर मिलिग्रॅमच्या गोळीत एका मायक्रोग्रॅमचा दहावा भाग. तेवढ्या कॅल्शियम फ्लोराइडने चरबीची पेशी का मरावी, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य आणि वैद्यकीय संशोधन परिषदेने उपलब्ध अभ्यास तपासून 2015 मध्ये निष्कर्ष दिला, की होमिओपॅथी परिणामकारक आहे असा भरवशाचा पुरावा एकाही आजारात नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने 2017 मध्ये डॉक्टरांना ही औषधं लिहून देणं थांबवायला सांगितलं.

इथपर्यंत लिहून झालं होतं आणि शेवट असा होता : गोळ्यांनी फायदा नाही, तोटाही नाही, वेळ आणि पैसे असतील तर तुमचं तुम्ही ठरवा. ते वाक्य आता काढून टाकलंय. बायोप्सीचा रिपोर्ट आलाय.

कोपराखालची गाठ मधल्या काळात दुखायला लागली होती. टेबलावर हात टेकला की कळ यायची, रात्री कुशीवर वळताना जाग यायची. होमिओपॅथ म्हणाले, "औषध लागू पडतंय. आधी त्रास वाढतो, मग गाठ जाते. थांबू नका." या वाढण्याला त्यांच्या शास्त्रात ॲग्रव्हेशन म्हणतात आणि ते चांगलं लक्षण मानतात. मी थांबले नाही. दोन महिने दुखणं सोसलं, मात्रा चालू ठेवल्या. शेवटी सर्जनकडे गेले. त्यांनी हात दाबून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "दुखतंय कधीपासून?"

अर्ध्या तासात जागा बधिर करून गाठ आवरणासकट काढली. आवरण मागे राहिलं तर पुन्हा उगवू शकते, म्हणून ते नीट सोडवून घेतलं. टाके मोजके, व्रण बारीक. रिपोर्ट आला : ॲन्जिओलायपोमा. म्हणजे चरबीबरोबर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असलेली गाठ. हीही साधीच असते, पण नेहमीच्या लायपोमासारखी गप्प बसत नाही, दुखते, आणि बहुतेक वेळा पुढच्या हातावरच येते. दुखणं गाठीचं होतं. त्यात औषधाचा काही भाग नव्हता. आता हात टेकवते, झोपते, काही होत नाही.

माझं दुखणं साध्या गाठीचं निघालं. पण दुखायला लागणं, भराभर वाढणं, घट्ट होणं, न हलणं, पाच सेंटिमीटरच्या पुढे जाणं, ही सगळी गाठ पुन्हा तपासून घेण्याची लक्षणं आहेत, कारण क्वचित चरबीसारखी दिसणारी गाठ लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा कर्करोग, निघते. त्यातल्या पहिल्याच लक्षणाला "औषध लागू पडतंय" म्हणणारी पद्धत निरुपद्रवी आहे, असं मी कुणालाही सांगणार नाही. गोळीत काही नसेलही, पण "थांबू नका" या सल्ल्याने मला दोन महिने सर्जनपासून लांब ठेवलं. ज्याची गाठ साधी नसेल त्याला हेच दोन महिने किती महागात पडतील, याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

मांडीवरच्या दोन्ही गाठी राहू देणार आहे. कमरेवरची पाचाच्या जवळ आहे, म्हणून सर्जननी सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला बोलावलंय आणि वाढली तर एमआरआय करू म्हणालेत. गोळ्या बंद केल्या, कॉफी पुन्हा सुरू केली. आत्याच्या दंडावरच्या गाठीलाही अधूनमधून कळ येते असं ती परवा म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिला सोनोग्राफीला घेऊन जातेय.