मका, संकरित नेपियर की ज्वारी : मुरघासाचा गोठ्यातील अनुभव

वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत, उसाच्या जोडीला आमचा दुधाचा व्यवसाय असून गोठ्यात होलस्टिन संकरित गाई आहेत. ऊसतोडीच्या दिवसांत वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला, मुबलक मिळते. परंतु त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवत असल्याने दुभत्या गाईला नुसत्या वाढ्यावर ठेवणे परवडत नाही. त्यामुळे गेल्या पावसाळ्यापासून यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत आफ्रिकन टॉल मका, फुले जयवंत हे संकरित नेपियर गवत आणि फुले गोधन ही चाऱ्याची ज्वारी, या तिन्हींचा मुरघास, म्हणजे बारीक कापून हवाबंद आंबवलेला हिरवा चारा, आम्ही एक टनाच्या बॅगांत भरला व त्याच गाईंना आळीपाळीने घातला. एकरी हिरव्या चाऱ्याचे वजन पाहून मुरघासाचे पीक ठरवू नये, असे माझे मत त्यातून पक्के झाले आहे.

वजनात नेपियरचा हात कोणी धरणार नाही. एकदा लावले की तीन-चार वर्षे कापण्या मिळत राहतात, आणि बेणे विकणारे वजनाचेच आकडे फुगवून सांगतात. मात्र ४५ ते ५० दिवसांच्या कोवळ्या नेपियरमध्ये शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी वगळून उरणारा भाग, जेमतेम १५ ते २० टक्के असतो, तर मुरघासाला ३० ते ३५ टक्के लागतो. याचा अर्थ एक टनाच्या बॅगेत नेपियरचा खरा चारा २०० किलोच्या आत राहतो आणि योग्य वेळी कापलेल्या मक्याचा ३०० किलोच्या पुढे जातो. बॅग, भराई आणि मजुरी मात्र दोन्हीला तेवढीच. कुट्टी, म्हणजे बारीक कापलेला चारा, मुठीत घट्ट दाबून मूठ उघडली असता मक्याचा गोळा सावकाश सुटत होता आणि तळवा फक्त ओलसर होत होता. नेपियरच्या कुट्टीतून बोटांच्या फटींतून पाणी गळत होते.

हे पाणी केवळ वाया जात नाही, तर मुरघास बिघडवते. ओलाव्याच्या मानाने साखर कमी पडली की चारा टिकवणारे दुग्धाम्ल पुरेसे तयार होत नाही, सामू (पीएच) ४.२ च्या खाली उतरत नाही आणि चारा नासवणारे ब्युटिरिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना मोकळे रान मिळते. न सुकवता भरलेल्या नेपियरची बॅग दीड महिन्याने उघडली तेव्हा माल काळपट हिरवा, हाताला चिकट आणि खवट वासाचा निघाला. गाईंनी गव्हाणीत तोंड घातले, हुंगले आणि शेजारच्या कडब्याकडे मोर्चा वळवला. पुढच्या भराईत कापलेले नेपियर दिवसभर उन्हात सुकवले आणि टनाला २० किलो गुळाचे पाणी करून कुट्टीवर शिंपडले, तेव्हा मुरघास चांगला साधला. परंतु आपल्याकडे नेपियर जोमात येते ते नेमके पावसाळ्यात, आणि तेव्हा सुकवायला ऊन कुठून आणायचे?

नॉर्वे, फिनलंडसारख्या थंड देशांतील मुरघासाची माहिती वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. तिथे टिमोथी आणि मेडो फेस्क्यू ही गवते प्रामुख्याने बर्फाळ हिवाळ्यात तग धरतात म्हणून निवडली जातात. रायगवतात साखर जास्त असली तरी कडक थंडीत ते दगावते. थंड हवेतील ही गवते फ्रुक्टनच्या रूपात विद्राव्य साखर साठवतात आणि बारीक काडीमुळे लवकर सुकतात. नेपियरसारखी उष्ण प्रदेशातील गवते साठा स्टार्चच्या रूपात करतात, जो दुग्धाम्लाच्या बहुतेक जिवाणूंना वापरता येत नाही, आणि त्यांचे जाड खोड ओल धरून बसते. म्हणून तिकडची गवताची कृती इकडे जशीच्या तशी लागू पडत नाही.

मक्याबद्दल तक्रारीला जागा थोडी आहे. पेरणीनंतर ८० ते ९० दिवसांनी दाणा चिकात असताना कापून दीड-दोन सेंटिमीटरची कुट्टी केली, तर गूळ न घालताही पिवळसर, आंबूस वासाचा माल मिळतो व गाई तो चाटूनपुसून खातात. प्रथिने ७ ते ९ टक्केच असल्याने पेंड कमी करता आली नाही, हे खरे. दुसरा त्रास अमेरिकन लष्करी अळीचा. २०१८ पासून ती आपल्याकडे आहे, आणि पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) सुरुवातीलाच लक्ष दिले नाही तर फवारणीचा खर्च वाढत जातो.

ज्वारीचा मुरघास मक्याच्या खालोखाल उतरला. खोड गोड असल्याने आंबवण चांगली झाली; शेणात न पचलेले अख्खे दाणे दिसत होते, तेवढीच उणीव. कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्लाचे विष असते, त्यामुळे फुलोऱ्याआधी ती कापू नये.

यंदा नेपियर बांधाकडेला रोजच्या ओल्या वैरणीपुरते ठेवले असून बॅगांसाठी उसाचा खोडवा (तोडणीनंतर फुटून आलेले पीक) मोडलेल्या रानात मकाच पेरणार आहे. आटपाडी, जत किंवा साताऱ्यातील माण-खटाव भागात, जिथे मक्याच्या पाळ्या देण्याइतके पाणी नाही, तिथे मी ज्वारीच सुचवीन.