श्रीलंका का थायलंड: डिसेंबरात जायचं तर आधी किनारा ठरवा

हिवाळ्यात समुद्र बघायला देशाबाहेर जायचं ठरलंय, बजेट मध्यम आहे, आणि गाडी श्रीलंका का थायलंड इथं येऊन अडलीय, अशी बरीच मंडळी कोल्हापुरात भेटतात. तिकिटाचे रेट सगळे बघतात, हॉटेलचे फोटो सगळे बघतात, पण त्या महिन्यात पाऊस कुठल्या बाजूला असतोय हे कोण बघतच नाही, आणि माझ्या मते सगळा खेळ तिथंच आहे.

दोन्ही देशांत एका किनाऱ्यावर पाऊस तर दुसऱ्यावर ऊन असा प्रकार असतोय. जुलैत गगनबावड्याला धो धो कोसळत असतंय आणि त्याच दिवशी शिरोळला नुसती भुरभुर, तसंच समजा. श्रीलंकेत डिसेंबरात ईशान्येचं वारं बंगालच्या उपसागरावरनं ओलावा घेऊन येतंय, तो पाऊस त्रिंकोमाली, अरुगम बे या बाजूला पडतो, आणि मधले डोंगर आडवे येत असल्यामुळं नैऋत्येचा किनारा म्हणजे बेंटोटा, गॉल, उनावटुना, मिरिस्सा हा पट्टा साधारण डिसेंबरच्या मध्यापासनं मार्चपर्यंत बऱ्यापैकी कोरडा. मिरिस्साला याच महिन्यांत बोटीतनं निळे देवमासे बघायला नेतात. थायलंडात फुकेत, क्राबीची बाजू नोव्हेंबर ते एप्रिल एकदम झकास, पण थायलंडच्या आखातातलं को सामुई बेट ऑक्टोबरपासनं डिसेंबरपर्यंत भिजत असतंय. नोव्हेंबर-डिसेंबरात सामुईचं पॅकेज स्वस्त दिसलं तर त्यामागचं कारण बहुतेक वेळा हेच, म्हणून पॅकेजवाल्याला पहिला प्रश्न बेटाचं नाव काय हा विचारा, हॉटेल किती स्टार हे नंतर.

आता पोहोचायचं कसं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरनं परदेशी विमान नाही, म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेस नाहीतर रात्रीची स्लीपर धरून मुंबई गाठायची हे दोन्हीकडं सारखंच. तिथनं कोलंबो साधारण अडीच तास आणि बँकॉक सव्वाचार-साडेचार तास. श्रीलंकेचं घड्याळ आपल्यासारखंच, थायलंड दीड तास पुढं. हे दीड तास किरकोळ वाटतात, पण मुंबईहून मध्यरात्री निघालेलं विमान तिकडं सकाळी उतरतंय, हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते, आणि आदल्या रात्रीचा बस नाहीतर रेल्वेचा प्रवास अंगात असतोय. लहान पोरं आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर लॉबीत बसून काढलेले ते पाच-सहा तास सगळ्यांचा मूड घालवतात. एक रात्र जास्तीची बुक करा नाहीतर दिवसाचं विमान बघा, पैसे थोडे जातील पण जाऊ द्या.

कागदपत्रांचं म्हणाल तर पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक पाहिजे. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासनं भारतीयांना व्हिसातनं सूट दिली, पण किती दिवसांची आणि कुठवर हे बदलत असतंय, त्यामुळं तिकीट काढायच्या आधी दूतावासाची साईट बघाच. शिवाय १ मे २०२५ पासनं तिथं डिजिटल अरायव्हल कार्ड लागतंय, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाईन भरायचं, एक पैसा लागत नाही. श्रीलंकेला ईटीए, म्हणजे जायच्या आधी ऑनलाईन घ्यायची प्रवासाची परवानगी, काढावा लागतोय. दोन्हीकडं सरकारी साईटसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या साईट आहेत, त्या जादाचे पैसे घेतात, नीट बघून भरा.

उतरल्यावरचा अनुभव मात्र अगदी वेगळा. कोलंबोचं विमानतळ मुळात कोलंबोत नाहीच, शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कटुनायकेला आहे. इमिग्रेशन झालं की ड्युटी फ्रीमध्ये चक्क वॉशिंग मशीन, फ्रीज, टीव्ही मांडून ठेवलेले, कारण आखाती देशांत कामाला गेलेली माणसं परत येताना घरच्यांसाठी तिथनंच घेऊन जातात. मला ते बघून फार आपलं वाटलं, खरंच. रात्री उतरत असाल तर कोलंबोत शिरू नका, जवळच नेगोंबोला राहा, कॅथलिक मच्छीमारांचं गाव आहे, नाताळात चर्चवर रोषणाई असते, आणि सकाळी निवांत गाडी करून एक्स्प्रेसवेनं खाली गॉलकडं निघा.

बँकॉकचं सुवर्णभूमी अवाढव्य, चालून पाय दुखतात. टॅक्सीसाठी सरळ तळमजल्यावर जायचं, मशीनमधनं चिठ्ठी घ्यायची, चिठ्ठीवर लेनचा नंबर असतोय, त्या लेनमधल्या टॅक्सीत बसायचं. मीटरवर पन्नास बाट जादा आणि टोल वेगळा, हे नियमातच आहे, वाद घालू नका. सामान कमी असेल तर रेल्वे लिंकनं अर्ध्या तासात शहरात. परतीच्या वेळी इमिग्रेशन झाल्यावर समुद्रमंथनाचा मोठा देखावा आहे, वासुकीला धरून देव-दानव ओढताहेत, तो सोडू नका.

खाण्यावर जास्त लिहितो कारण कोल्हापूरकराचं अर्धं सुख ताटात असतंय. तिखट खाणाऱ्याला दोन्ही देश चालतात. श्रीलंकेत राईस अँड करी मागवलं की भात, नारळाच्या दुधातली परिप्पू म्हणजे डाळ, दोन-तीन भाज्या आणि ओल्या खोबऱ्याचा लालभडक पोल सांबोल येतोय, आई-वडिलांच्या पिढीचं माणूससुद्धा पोटभर जेवतंय. फक्त सांबोलात वाळवलेल्या माशाची पूड असते बऱ्याचदा, शाकाहाऱ्यांनी आधी विचारायचं. थायलंडात शाकाहाऱ्यांचे हाल जास्त, कारण साध्या भाजीतसुद्धा माशाचा सॉस पडतोय. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरात 'जे' (เจ) लिहिलेलं दुकान दिसलं की तिथं बिनधास्त बसा, तिथं मांस, मासे, अंडी काहीच नसतंय, आणि कांदा-लसूणही नाही. मांसाहारी माणसाची तिथं मजा, रस्त्यावरच्या गाड्यावर जे मिळतंय तसं महागड्या हॉटेलात मिळत नाही. घरचा मसाला, भाजणी न्या, पण सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत टाकू नका, एअरपोर्टवर काढून ठेवायला लावतात.

देवळात गुडघे आणि खांदे झाकलेले पाहिजेत, दोन्हीकडं. श्रीलंकेत बुद्धमूर्तीकडं पाठ करून सेल्फी काढणं हा अपमान समजतात, पोरांना आधीच सांगून ठेवा. आणि पौर्णिमेला, ज्याला ते पोया म्हणतात, दारूची विक्री बंद असते, मित्रांची ट्रिप असेल तर कॅलेंडर बघा.

माझं मत स्पष्ट आहे. पहिलाच परदेश प्रवास, सोबत आई-बाबा आणि शाळेची पोरं असतील तर श्रीलंका, गॉलच्या बाजूला मुक्काम आणि डोंगरातल्या कँडी शहरापर्यंत एक चक्कर, बस्स. डोंगरातले रस्ते संथ आहेत, सगळा देश एका ट्रिपमध्ये उरकायला गेलात तर गाडीतच बसून राहाल. मित्र-मित्र किंवा नवं जोडपं असेल, बेटं, बोटी, रात्रीचा बाजार हवा असेल तर थायलंड, आणि त्यातही फुकेतपेक्षा क्राबी, रायले बीचला तर बोटीशिवाय जाताच येत नाही त्यामुळं गाड्यांचा गोंगाट नाही. जेट-स्की घेणार असाल तर आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, आणि डिपॉझिट म्हणून पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नका.

तारखांचं बघायचं तर नाताळ ते एक जानेवारी दोन्हीकडं रेट चढलेले असतात. पोरांच्या शाळेचं जमत असेल तर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरा, तेव्हा दोन्ही कोरडे किनारे तसेच कोरडे असतात आणि गर्दीही ओसरलेली असते.