खुब्याचं ऑपरेशन: पाठीतलं इंजेक्शन की पूर्ण भूल?

आजी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन उद्यावर आलं. अशा वेळी नातेवाईक मला, भूलतज्ज्ञाला, हमखास म्हणतात, "डॉक्टर, या वयात पूर्ण भूल सोसायची नाही, कमरेखालीच बधिर करा." सोलापुरात दुसरी भीतीही तितकीच पक्की आहे: पाठीत सुई गेली की कंबर जन्माची गेली. सही करण्याआधी दोन्हींत शरीरात काय घडतं ते समजून घ्या.

पाठीतल्या इंजेक्शनातलं मुख्य औषध ब्युपिव्हाकेन. नसांमधून संदेश पुढे सरकतो तो सोडियम आत शिरल्यामुळे. हे औषध सोडियमची ती वाटच अडवतं, म्हणून कळ मेंदूपर्यंत पोचत नाही. मात्रा जेमतेम दोन-अडीच मिलिलिटर, वयस्कांना त्याहूनही कमी. त्यात ग्लुकोज असल्यानं ते मणक्यातल्या पाण्यापेक्षा जड असतं आणि उताराकडे सरकतं. म्हणून रुग्णाला कसं झोपवतो, यावर बधिरपणा कुठवर चढणार ते बरंचसं ठरतं. आधी पाय गरम वाटतात, मग जड होतात. मी स्पिरिटचा बोळा छातीवरून खाली फिरवत "गार लागतंय का?" विचारत जातो. "ओलं लागतंय, गार नाही" असं उत्तर आलं की बधिरपणाची हद्द सापडली. असर साधारण दोन-तीन तास.

खरी अडचण रक्तदाबाची. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही याच औषधानं बंद पडतात, वाहिन्या सैल होतात आणि दाब घसरतो. सलाईन आणि मेफेंटरमिन किंवा फेनिलेफ्रिन देऊन तो बहुधा सावरतो. पण हृदयाची महाधमनीची झडप फार अरुंद असेल तर हीच घसरण जिवावर बेतू शकते. छातीत वेगळा आवाज ऐकू आला की आम्ही टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) मागतो तो यासाठी. शिवाय मोडलेल्या खुब्यानं कुशीवर वळणं फार दुखतं, त्यामुळे आधी जांघेत नसेचा ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन) किंवा थोडं केटामिन हे वेदना दाबणारं औषध मागून घ्या. ती विनंती अवाजवी नाही.

पूर्ण भुलेत एक औषध नसतं, तीन-चार असतात. दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल मेंदूतला गाबा हा शांत करणारा संदेश वाढवतं आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात झोप लागते. फेंटानिल वेदना दाबतं. अ‍ॅट्राक्युरियम स्नायू सैल करतं. ते रक्तात बरंचसं आपोआप मोडतं, म्हणून किडनीच्या रुग्णांना सोयीचं. मग श्वासनळीत नळी, व्हेंटिलेटर आणि सेव्होफ्लुरेनसारखा वायू. शेवटी निओस्टिग्मिन देऊन स्नायूंची ताकद परत आणतात. प्रोपोफॉलनंही रक्तदाब पडतो, पण मात्रा हळूहळू वाढवता येते किंवा त्याऐवजी एटोमिडेट वापरता येतं. पाठीत एकदा दिलेलं औषध मात्र परत काढता येत नाही.

मग जास्त सुरक्षित कोणतं? 2021 मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या 1600 खुबा-रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 60 दिवसांत मृत्यू झालेले किंवा आधाराशिवाय वा काठी-वॉकर घेऊनही चालू न शकणारे रुग्ण दोन्ही गटांत सुमारे 18 टक्केच होते. ऑपरेशननंतरच्या भ्रमातही लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे "वय झालंय, म्हणून पूर्ण भूल नको" हे कारण एकट्यानं टिकत नाही.

माझा कल छातीकडे बघून ठरतो. सोलापुरातल्या आपल्या पूर्व भागात बायकांच्या पिढ्या बिडी वळण्यात गेल्या. तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर यांनी फुप्फुसं आधीच दमलेली असतात. अशा आजीला खोकला, कफ, दम असेल तर मी पाठीतलं इंजेक्शनच सुचवतो. नळी टळते, आणि जाग असल्यानं तेलुगूत किंवा कन्नडात काय होतंय ते तिला सांगता येतं. ऐकू कमी येणाऱ्या, घाबरून पडून न राहणाऱ्या आजोबांना मात्र पूर्ण भूल बरी.

कंबरेचं म्हणाल, तर सुईच्या जागी काही दिवस दुखतं. कायमची कंबरदुखी त्यामुळे होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. डोकेदुखी होऊ शकते, पण ती प्रामुख्यानं तरुणांना आणि बारीक सुईनं क्वचितच.

सगळ्यात जास्त घोळ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा होतो. नुसती अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर पाठीतलं इंजेक्शन सहसा अडत नाही. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर मणक्यात रक्त साचायची भीती असते, आणि गोळीचा असर उतरायला 5 ते 7 दिवस लागतात. तेवढे दिवस आजीला अंथरुणात ठेवू नका. न्यूमोनिया, पाठीच्या जखमा, पायातल्या गुठळ्या तोवर थांबत नाहीत. तिथं सरळ पूर्ण भूल घ्या. गोळ्यांची पाकिटं घरून आणा आणि शेवटची गोळी कधी घेतली ते आजीलाच विचारून सांगा.